माझ्यासमक्ष

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कविता लिहिणाऱ्या माणसानं नोटरीच्या शिक्क्यावर आणि रजिस्टरवर काय बोलावं, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मलाही पडला होता. मी वकील नाही. मराठी विषय घेऊन बी.ए. झालो, तेवढंच माझं शिक्षण. पण या शिक्क्याशी माझी ओळख कवितेइतकीच जुनी आहे. १९९० मध्ये पदवी हातात पडली आणि नोकरी काही मिळेना, तेव्हा तीन वर्षं मी शिवाजीनगर कोर्टाबाहेर टाइपरायटर मांडून बसत होतो. आता त्या बाजूला मेट्रोचं भलंमोठं स्टेशन झालं आहे. तेव्हा तिथं झाडाखाली आम्हा टायपिस्टांची रांग असे. टाइपरायटरची टकटक, चहाच्या ग्लासांचा किणकिणाट आणि मधूनच शिक्का आपटल्याचा धप्प असा आवाज. दिवसातून शंभर वेळा तो आवाज कानावर पडायचा.

माणसं नाना कारणांनी यायची. कुणाचं रेशन कार्ड हरवलेलं, कुणाच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख चुकलेली, कुणाला नावात दुरुस्ती हवी. आमच्या समाजात तर नावांचा घोळ फार. शाळामास्तरानं एक लिहिलं, तलाठ्यानं दुसरं, कारखान्याच्या हजेरीपटावर तिसरं. माझ्या अब्बांच्या नावाची चार रूपं चार कागदांवर होती. मग ‘वरील चारही नावांची व्यक्ती एकच आहे’ असं प्रतिज्ञापत्र करायचं. मी ते टाइप करायचो, पक्षकार सही करायचा आणि आम्ही त्याला नोटरीकडे पाठवायचो. शिक्का बसला की त्या माणसाच्या चेहऱ्यावर समाधान यायचं. आता आपण जे लिहिलंय ते खरं झालं, असं त्याला वाटायचं.

हा समज अजूनही आहे, आणि तो चुकीचा आहे. नोटरीचा शिक्का कागदातला मजकूर खरा आहे असं सांगत नाही. तो इतकंच सांगतो, की अमुक नावाचा माणूस अमुक दिवशी माझ्यासमोर आला, तो तोच आहे याची मी खातरजमा केली, आणि त्यानं माझ्यासमक्ष सही केली किंवा शपथ घेतली. मजकूर खोटा निघाला तर तो लिहून देणाऱ्याचा गुन्हा. पण माणूस आलाच नव्हता असं निघालं, तर शिक्क्याचा अर्थच संपला. सगळा डोलारा ‘माझ्यासमक्ष’ या एका शब्दावर उभा आहे.

नोटरी हा माणूस आपल्याकडे आला कुठून, हेही थोडं सांगतो. इंग्रजी अमलात हे काम मुख्यतः व्यापाराचं होतं. परदेशी हुंडी स्वीकारली गेली नाही किंवा वटली नाही, तर तशी अधिकृत नोंद करणारा माणूस लागायचा. इंग्लंडमध्ये आर्चबिशप ऑफ कँटरबरी यांच्या अखत्यारीतलं एक कार्यालय नोटरी नेमत असे, आणि हिंदुस्थानातल्या काही नोटरींची सनदही तिथूनच येत असे. पुढं १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवजांच्या कायद्यात नोटरी नेमण्याची कलमं घालण्यात आली. त्यांतल्या एका कलमाचा क्रमांक ऐकलात तर तुम्हाला गंमत वाटेल. तो होता १३८. आज चेक न वटल्याच्या खटल्यांमुळे जे कलम व्यापाऱ्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना पाठ आहे, तोच क्रमांक पूर्वी नोटरीचा होता. स्वतंत्र भारतानं १९५२ मध्ये नोटरींचा वेगळा कायदा केला, तेव्हा ती जुनी कलमं रद्द झाली. रिकाम्या झालेल्या जागी १९८८ च्या दुरुस्तीनं चेकचं कलम आलं.

१९५२ च्या कायद्यापाठोपाठ १९५६ मध्ये नियम आले. दहा वर्षं वकिली केलेल्या माणसाला केंद्र किंवा राज्य सरकार नोटरी म्हणून नेमतं. महिला आणि मागास प्रवर्गातल्या वकिलांना ही अट सात वर्षांची आहे. नेमणुकीबरोबर त्याचं कार्यक्षेत्र ठरतं. पाच सेंटिमीटर व्यासाचा साधा गोल शिक्का असतो. त्यावर नाव, क्षेत्र आणि नोंदणी क्रमांक. हे सगळं तुम्ही पाहिलेलं असतं. पण ज्याच्यावर मला आज बोलायचं आहे ती वस्तू तुम्ही बहुधा नीट पाहिलेली नसते. ती म्हणजे नोटरीचं रजिस्टर.

टेबलाच्या कडेला ते उघडं असतं. ‘इथं सही करा,’ असं कारकून म्हणतो, आपण करतो आणि कागद उचलून निघतो. पण नियमांनी या वहीला फार मोठं स्थान दिलं आहे. ती ठरलेल्या नमुन्यातच असावी लागते. वापरायला घेण्याआधी पहिल्या पानावर एकूण पानं किती, याचं प्रमाणपत्र नोटरीनं सही आणि तारखेनिशी लिहायचं. मागाहून पान फाडता येऊ नये, घालता येऊ नये, म्हणून. मग प्रत्येक कामाला अनुक्रमांक, तारीख, काम कोणतं, माणसाचं नाव आणि पूर्ण पत्ता, फी किती घेतली आणि त्या माणसाची सही. वहीतला अनुक्रमांक कागदावर घालायचा. म्हणजे कागद आणि वही ही एकमेकांची साक्षीदार झाली. जिल्हा न्यायाधीश किंवा सरकारनं नेमलेला अधिकारी ही वही तपासू शकतो, वर्षातून जास्तीत जास्त दोनदा. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मागच्या वर्षाच्या कामाचं विवरणपत्र सरकारला पाठवायचं. फीचे दर कार्यालयाच्या आत आणि बाहेर लावायचे, घेतलेल्या फीची पावती द्यायची. किती ठिकाणी तो फलक दिसतो आणि किती जण पावती मागतात, हे तुम्हीच आठवून पाहा.

टाइपरायटरवर बसून मी हेच शब्द रोज बडवायचो. दस्तऐवज, दस्तखत, वकील, मुखत्यार, दफ्तर, हजर. घरी आम्ही दखनी बोलायचो, त्यामुळे हे शब्द मला परके नव्हते. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. तरी कोर्टकचेरीतले हे शब्द तगून राहिले. त्यातला एक जुना शब्द मला फार आवडतो : महजर. मराठेशाहीत वतनाचा किंवा जमिनीचा तंटा पडला की गोत जमायचं. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन, बलुतेदार आणि कित्येक ठिकाणी काझीही. सगळ्यांसमोर निवाडा व्हायचा, तो कागदावर उतरायचा आणि त्या कागदाला महजर म्हणायचे. ज्याला लिहिता येत नाही तो आपल्या कामाची खूण काढायचा. कुणब्याची निशाणी नांगर, वाण्याची तराजू, न्हाव्याची आरसा. आजही अंगठ्याशेजारी आपण ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ असं लिहितो, त्यातली निशाणी तीच. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीतले असे कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. गो. स. सरदेसायांनी त्या दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस खंड प्रसिद्ध केले.

महजर हा शब्द अरबीतून आला. हजर, हाजिर, हजेरी, हुजूर हे सगळे त्याच धातूचे. म्हणजे महजर या शब्दाच्या पोटातच ‘कोण हजर होतं’ हा प्रश्न आहे. निवाडा काय झाला हे पुढचं. तेव्हाच्या माणसांना आधी हे लिहून ठेवावंसं वाटलं, की आम्ही तिथं होतो.

हे सगळं मला आज कळतं. १९९४ मध्ये कळत नव्हतं. त्याची गोष्ट सांगतो. ती माझ्या चुकीची गोष्ट आहे.

अब्बा १९९३ मध्ये गेले. गंज पेठेतल्या एका जुन्या वाड्यात आमच्या मालकीच्या दोन खोल्या आणि थोडं अंगण होतं. वारस तिघं : अम्मी, मी आणि माझी मोठी आपा. आपा माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. तिनं मला कडेवर वागवलेलं. लग्न होऊन ती सोलापूरला गेली होती. सिटी सर्व्हेला वारसांची नावं लावायची होती, त्यासाठी दहा हेलपाटे. आपानं दर वेळी सोलापूरहून कसं यायचं? मी म्हटलं, तुझ्या वतीनं मला कुलमुखत्यारपत्र दे, सगळं मी पाहतो. मजकूर मीच टाइप केला. टायपिस्ट होतो ना! नमुन्यात असतात ते सगळे अधिकार त्यात घातले. नाव लावण्यापासून विक्री आणि विकसनाच्या करारापर्यंत. एवढ्या अधिकारांची गरज नव्हती. पण नमुन्यात होतं म्हणून ठेवलं.

स्टँपपेपर एका नातेवाइकाबरोबर एस.टी.नं सोलापूरला गेला आणि आठ दिवसांनी सही होऊन परत आला. तो घेऊन मी माझ्या ओळखीच्या एका वृद्ध नोटरीकडे गेलो. रोजचा राबता होता. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, ‘‘बाई कुठं आहेत?’’

मी म्हटलं, ‘‘सोलापूरला. सही त्यांचीच आहे, साहेब. माझी सख्खी बहीण आहे.’’

‘‘सोलापुरात नोटरी नाहीत का?’’

मी गप्प. त्यांनी कागद परत माझ्या हातात दिला. ‘‘तुमच्यावर अविश्वास नाही. पण मी त्यांना पाहिलेलं नाही, आणि पाहिलं असं मला लिहायचंय.’’

मला राग आला. टायपिस्टांच्या रांगेत बसून मी त्या म्हाताऱ्याची यथेच्छ टिंगल केली. मग दुसऱ्या एका नोटरीकडे गेलो. ते घाईत होते. म्हणाले, ‘‘तुम्ही रोजचेच. रजिस्टरला बहिणीच्या जागी तुम्हीच करा सही.’’ मी केली. धप्प. पाच मिनिटांत काम झालं.

पंधरा-सोळा वर्षं तो कागद लोखंडी कपाटात पडून होता. २०१० मध्ये वाडा पाडून इमारत बांधायचं ठरलं. सगळ्यांनी बिल्डरबरोबर करार केले. आपाच्या वतीनं मी सही केली, त्याच कुलमुखत्यारपत्रावर. आपाला तिच्या हिश्शाचे पैसे द्यायचेच होते, हे मी अगदी मनापासून सांगतो. पण किती आणि केव्हा, हे कुठं लिहिलेलं नव्हतं. मी तिला विचारलंही नव्हतं. विचारायची सोयही उरली नव्हती, कारण आदल्याच वर्षी तिला अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समजायचं सगळं, बोलता येत नव्हतं.

तिच्या मुलांना कराराचं कळलं. ती म्हणाली, अम्मीनं असा कागद कधी केलाच नाही. मी म्हटलं, केलाय, तिची सही आहे. वकिलाची नोटीस आली. ज्या भाच्यांना मी ईदी दिली, त्यांच्या नोटिशीत माझ्या नावापुढं ‘गैरअर्जदार’ की कायसं लिहिलेलं होतं. शेवटी असं ठरलं, की रजिस्टर पाहू. ते नोटरी तोवर थकले होते, काम बंद केलं होतं. पण जुनी रजिस्टरं त्यांनी कापडात बांधून माळ्यावर ठेवली होती. १९९४ चं रजिस्टर खाली काढलं. धूळ झटकली. कागदावरचा अनुक्रमांक वहीत सापडला. तारीख बरोबर. कुलमुखत्यारपत्र, बरोबर. आपाचं नाव, सोलापूरचा पत्ता, सगळं बरोबर. आणि सहीच्या रकान्यात माझी सही. कवी म्हणून मी ती सही तेव्हा मुद्दाम वळणदार करत असे. शंभरांत ओळखू यावी अशी.

थोरला भाचा बराच वेळ पानाकडे पाहत होता. मग हळू आवाजात म्हणाला, ‘‘मामू, इधर तो तुम्हारीच सही है.’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सतरा वर्षांपूर्वी ज्या वहीला मी कारकुनी सोपस्कार समजलो होतो, तिनं खरं काय ते जपून ठेवलं होतं. त्या दिवशी तिथं आपा नव्हती, मी होतो. कागदावरच्या शिक्क्यानं खोटं सांगितलं. वहीनं सांगितलं नाही.

भांडण कोर्टात गेलं नाही, ही अल्लाची मेहेरबानी आणि भाच्यांचा समजूतदारपणा. बिल्डरला सगळं सांगितलं, करार थांबवला आणि आम्ही सोलापूरला गेलो. तिथं मला नोंदणी कायद्यातली एक जुनी तरतूद कळली. १९०८ चा कायदा आहे. जो माणूस आजारपणामुळे कार्यालयात येऊ शकत नाही, त्याच्या घरी दुय्यम निबंधकाला स्वतः जाता येतं. कुलमुखत्यारपत्रासाठीही ही सोय आहे. आपल्याकडे तिला गृहभेट म्हणतात. डॉक्टरांचा दाखला जोडून अर्ज केला, फी भरली आणि ठरल्या दिवशी निबंधक कारकुनासह घरी आले.

त्यांनी पहिली गोष्ट केली ती ही, की आम्हा सगळ्यांना खोलीबाहेर काढलं. मला, भाच्यांना, सुनांना. फक्त शेजारच्या एक बाई ओळख पटवायला आत राहिल्या. दाराच्या फटीतून आवाज येत होता. तिला समजेल अशा बोलीत ते एकेक वाक्य सांगत होते आणि थांबत होते. ‘‘कळलं असेल तर हात उचला.’’ पुन्हा वाचत होते. ‘‘कुणी जबरदस्ती केली आहे का?’’ चाळीस मिनिटं हे चाललं. मग आपानं डाव्या हाताचा अंगठा स्वतः उचलून शाईच्या पॅडवर ठेवला. नवं कुलमुखत्यारपत्र तिनं थोरल्या मुलाला दिलं, मला नाही. तिच्या हिश्शाची रक्कम नव्या करारात आकड्यांत आणि अक्षरांत लिहिली गेली. आपा २०१६ मध्ये गेली. माझ्यावर तिचा राग होता की नाही, हे ती सांगू शकली नाही. मीही विचारलं नाही.

ही गोष्ट आज सांगायचं कारण, काळ पुन्हा एकदा तोच प्रश्न घेऊन आला आहे. माणूस समोर असलाच पाहिजे का?

माझ्या एका मित्राचा मुलगा अमेरिकेत असतो. कोथरूडचा फ्लॅट विकायचा आहे. परवा त्यानं व्हिडिओ कॉलवर मला विचारलं, ‘‘काका, तुमच्या ओळखीचे नोटरी असतील ना? मी फोनवर त्यांना तोंड दाखवतो, पासपोर्ट दाखवतो. शिक्का तेवढा मारून घ्या.’’ त्याची मागणी वेडगळ नाही. तो राहतो त्या देशात हे चालतं. व्हर्जिनिया राज्यानं २०११ मध्ये दूरस्थ नोटरीचा कायदा केला, तो पुढच्या वर्षी अमलात आला. २०२० च्या करोनाच्या साथीत इतर अनेक राज्यांनी तशी परवानगी दिली. पण तिथं नुसतं तोंड दाखवून भागत नाही. ओळख पटवण्याच्या वेगळ्या पायऱ्या असतात, सगळ्या भेटीचं ध्वनिचित्रमुद्रण होतं आणि ते काही वर्षं जपून ठेवावं लागतं. म्हणजे माणूस दूर गेला, तर नोंद आणखी जाड झाली. आपण मागतो ती सोय, आणि विसरतो ती नोंद.

आपल्याकडे नोटरीच्या कायद्यात किंवा नियमांत व्हिडिओवरून साक्षांकन करण्याची तरतूद आजही नाही. टाळेबंदीत कोर्टांनी प्रतिज्ञापत्रांच्या बाबतीत सवलती दिल्या होत्या, पण त्या त्या काळापुरत्या. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मध्ये आला आणि इलेक्ट्रॉनिक सहीला मान्यता मिळाली, तेव्हाही कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र त्यातून वगळलं गेलं. २०२२ मध्ये बँकांसारख्या नियंत्रित वित्तसंस्थांना दिलेल्या मुखत्यारपत्रांपुरती सूट मिळाली. घरच्या माणसाला दिलेलं मुखत्यारपत्र आजही कागदावर आणि समक्षच. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं नोटरींसाठी पोर्टल सुरू केलं. केंद्रानं नेमलेल्या नोटरींना अर्ज, नूतनीकरण, वार्षिक विवरण अशी कामं त्यावर करता येतात. चांगलं झालं. पण त्याचा अर्थ शिक्का ऑनलाइन मिळू लागला, असा नाही. कुणी तसं सांगून पैसे मागत असेल तर सावध राहा.

मग मित्राच्या मुलानं काय करायचं? त्याची वाट १९४८ पासून मोकळी आहे. त्या वर्षीच्या कायद्यानं परदेशातल्या आपल्या वकिलातीतल्या अधिकाऱ्यांना नोटरीचं काम करण्याचा अधिकार दिला. तिथं समक्ष जाऊन सही करायची. किंवा तिथल्या नोटरीसमोर सही करून त्यावर अपॉस्टिल करून घ्यायचं. त्या आंतरराष्ट्रीय करारात भारत २००५ पासून आहे. कागद भारतात आला की तीन महिन्यांच्या आत इथलं मुद्रांक शुल्क भरायचं. एवढं सगळं मी त्याला सांगितलं. ‘‘काका, फारच कटकट आहे,’’ म्हणाला. मला त्या वृद्ध नोटरींचा चष्मा आठवला.

मी नव्याच्या विरोधात नाही. याच पुण्यात नोंदणी महानिरीक्षकांचं कार्यालय आहे, आणि त्यांच्याच खात्यानं भाडेकराराची ऑनलाइन नोंदणी घरबसल्या सुरू केली. मालकानं आपल्या घरी अंगठ्याचा ठसा द्यायचा, भाडेकरूनं त्याच्या घरी. अकरा महिन्यांचा करार फक्त नोटरी करून भागतं, हा पुण्यातला लाडका गैरसमज. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं असा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची, आणि ती केली नाही तर वादात भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. या कामाला तंत्रज्ञान चपखल बसलं. पण भाडेकरार वेगळा आणि म्हातारीचा हिस्सा वेगळा. पडद्यावर मला तिचा चेहरा दिसेल. कॅमेऱ्याच्या मागं कोण उभं आहे, ते दिसणार नाही. त्या निबंधकांनी आम्हाला खोलीबाहेर काढलं होतं. व्हिडिओ कॉलवर कुणाला बाहेर कसं काढणार? आता तर बनावट चेहरा आणि आवाजही तयार करता येतो.

तेव्हा उद्या आपल्याकडे दूरस्थ नोटरीचे नियम झाले, आणि कधीतरी ते होतीलच, तर माझी एवढीच मागणी राहील. सोय कितीही वाढवा, पण वहीचा रकाना रिकामा ठेवू नका. मुद्रण कुणाकडे राहणार, किती वर्षं राहणार, नोटरी गेल्यावर ते कुणाच्या ताब्यात जाणार आणि सोलापूरच्या भाच्याला ते पाहायला कसं मिळणार, हे आधी लिहा. माळ्यावरची वही सतरा वर्षांनी उघडता आली. सतरा वर्षांनंतर एखादी फाइल उघडेल का?

जाता जाता चार व्यवहाराच्या गोष्टी. कोऱ्या कागदावर किंवा न वाचता सही करू नका. रजिस्टरमध्ये स्वतःच सही करा, दुसऱ्याला करू देऊ नका, आणि दुसऱ्याच्या जागी तुम्ही करू नका. कागदावर अनुक्रमांक पडला का ते पाहा. फीची पावती मागा. मुखत्यारपत्रात लागतील तेवढेच अधिकार द्या. सरकारी कार्यालयात किंवा कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे, विनाकारण स्टँपपेपर घेऊ नका. स्थावरातला हक्क सोडायचा किंवा विकायचा असेल तर नुसता नोटरीचा कागद पुरत नाही, नोंदणी लागते. आणि नोटरीच्या शिक्क्यानं लग्न होत नाही, घटस्फोटही होत नाही. केंद्राच्या विधी कार्य विभागानं ऑक्टोबर २०२४ मध्ये नोटरींना तसं लेखी बजावलं आहे. शंभर रुपयांच्या कागदावर सोडून दिलेल्या किती बायका मी त्या झाडाखाली रडताना पाहिल्यात!

तो वृद्ध नोटरी पुढं एकदा मला लक्ष्मी रस्त्यावर भेटला होता. २०११ नंतरची गोष्ट. मी त्यांना सलाम केला, त्यांनी ओळखलं नाही. त्यांना तो दिवस आठवत असायचं कारणही नव्हतं. त्यांच्या वहीत त्याची नोंदच नाही. नाकारलेल्या कामाची नोंद ठेवण्याचा रकाना कुठल्याच रजिस्टरमध्ये नसतो. म्हणून ती आज इथं, तुमच्या समक्ष करतो आहे.